माया पातळ का होते?

माझी मावसबहीण एका सरकारी रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. मेडिसिन वॉर्डात चौदा वर्षं काढलीत तिने. मागच्या पावसाळ्यात एका नाईटला, पहाटे चारच्या सुमारास, अकरा नंबरचे आजोबा गेले. डॉक्टरांना फोन, ईसीजीची सरळ रेघ, सही, नातेवाइकांची रडारड, वॉर्डातल्या मावशींना हाक, सगळं रीतसर झालं. त्यानंतर तिच्या मनात पहिला विचार आला तो हा, की खाली गादीवर दोन पेशंट आहेत, त्यातला एक आता वर घेता येईल. सकाळी घरी येताना बसमध्ये ती आजोबांचं नाव आठवत होती. नऊ दिवस त्यांना औषधं दिली होती, सुनेबद्दलच्या तक्रारीही ऐकल्या होत्या. नाव काही आठवलं नाही.

"मी अशी नव्हते गं," ती मला म्हणाली. "माझी माया पातळ झालीय का?"

नर्स, डॉक्टर, समुपदेशक, आशाताई, बालगृहातल्या ताई, हेल्पलाइनवर रात्री फोन घेणारी मुलं, ज्यांच्या कामाचा कच्चा मालच दुसऱ्याचं दुःख आहे त्यांना हा प्रश्न कधी ना कधी पडतो. बरेच जण तो कुणाला विचारत नाहीत. उत्तर 'हो' आलं तर काय, ही धास्ती असते.

या अवस्थेसाठी दोन शब्द वापरले जातात आणि बोलताना ते एकमेकांत मिसळतात : बर्नआउट आणि कम्पॅशन फटिग. आधी पहिला.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कमध्ये हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. लहानपणी नाझी जर्मनीतून निसटून अमेरिकेत आलेले. दिवसभर स्वतःचे पेशंट बघायचे आणि संध्याकाळी एका मोफत दवाखान्यात जाऊन रात्री उशिरापर्यंत व्यसनात अडकलेल्या तरुण मुलांवर उपचार करायचे. तिथले स्वयंसेवक मोठ्या उमेदीने यायचे. पण साधारण वर्षभरात त्यातलेच काही चिडचिडे व्हायचे, सर्दी-डोकेदुखी सुटायची नाही, आणि ज्या मुलांसाठी आले त्याच मुलांबद्दल कडवट बोलायला लागायचे. फ्रॉइडनबर्गर स्वतःही त्यातून सुटले नाहीत. त्या वस्तीत नशेने पार संपलेल्या माणसाला 'बर्नआउट' म्हणत. तोच शब्द त्यांनी उपचार करणाऱ्यांना लावला आणि १९७४ मध्ये त्यावर लेख लिहिला. पेशंटसाठीचा शब्द डॉक्टरला चिकटला तो असा.

पुढे कॅलिफोर्नियात क्रिस्टिना मास्लाक यांनी या अवस्थेची नीट फोड केली. सुझन जॅक्सन यांच्यासोबत १९८१ मध्ये त्यांनी एक प्रश्नावली प्रसिद्ध केली, ती आजही जगभर वापरतात. त्यांच्या मांडणीत बर्नआउटचे तीन पदर आहेत. एक, भावनिक थकवा : सुट्टी घेऊनही न जाणारा. दुसरा, समोरचा माणूस माणूस न वाटणं. तिसरा, आपण करतो त्याने काही फरक पडत नाही ही खात्री पटत जाणं.

दुसऱ्या पदरापाशी थोडं थांबू. वॉर्डात 'सात नंबरचं लिव्हर', 'कालचं पॉयझनिंग' अशी भाषा रोज चालते. बाहेरच्या माणसाला ती क्रूर वाटते, पण चाळीस पेशंटच्या वॉर्डात धावपळ चालू असताना बेड नंबर हाच पटकन कळणारा पत्ता असतो. शिवाय थोडं अंतर ठेवल्याशिवाय सलाइनची सुई टोचताही येणार नाही. काळजीची गोष्ट तेव्हा सुरू होते, जेव्हा नंबराच्या मागे नाव शोधलं तरी सापडत नाही. बहिणीला बसमध्ये जे झालं ते हेच होतं. ती स्वतःला दगड म्हणत होती, पण आपल्याला नाव आठवत नाही याचा त्रास दगडाला होत नसतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत बर्नआउटची व्याख्या दिली, आणि ती देताना एक गोष्ट जपली. बर्नआउटला त्यांनी आजार म्हटलेलं नाही. कामाच्या जागी सतत येणारा आणि नीट न हाताळला गेलेला ताण, त्यातून उद्भवणारी ही अवस्था, आणि ती फक्त कामाच्या संदर्भातच वापरायची. वाचायला हे कोरडं वाटतं. पण याचा अर्थ असा, की व्याख्या करणाऱ्यांनीही बोट माणसाआधी कामाकडे दाखवलं आहे.

आता दुसरा शब्द. १९९२ मध्ये कार्ला जॉइन्सन या अमेरिकन नर्सने नर्सिंगच्या मासिकात 'कम्पॅशन फटिग'बद्दल लिहिलं, म्हणजे करुणेला आलेला थकवा. नंतर चार्ल्स फिग्ली यांनी तो शब्द आघातग्रस्तांवर उपचार करणाऱ्यांसाठी रुजवला. फरक साधा आहे. बर्नआउट बँकेच्या काउंटरवरही येऊ शकतो, कॉल सेंटरमध्येही. कम्पॅशन फटिग येतो तो दुसऱ्याच्या वेदनेला रोज हात लावणाऱ्याला. बर्नआउटमध्ये माणूस विहिरीच्या पाण्यासारखा महिन्यामहिन्याने खाली जातो. कम्पॅशन फटिग मात्र एखाद्या आठवड्यातही अंगावर येऊ शकतो : अत्याचार झालेल्या लहान मुलीचा जबाब ऐकलेल्या समुपदेशिकेला स्वतःची मुलगी शाळेतून दहा मिनिटं उशिरा आली तरी घाम फुटतो, ऐकलेलं दृश्य स्वप्नात येतं. प्रत्यक्षात एकाच माणसात दोन्ही असतात आणि वेगळं करत बसण्यात फारसा अर्थ नसतो.

पण 'करुणेचा थकवा' या नावातच एक गोम आहे. थकते ती खरंच करुणा असते का?

जर्मन न्यूरोशास्त्रज्ञ तानिया सिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मात्यू रिकार या फ्रेंच बौद्ध भिक्षूला मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवलं. हे रिकार भिक्षू होण्याआधी जीवशास्त्रज्ञ होते. त्यांना सांगितलं, दुसऱ्याचं दुःख फक्त आपलं म्हणून अनुभवा, पुढे काही करू नका. रिकार यांनी दुर्लक्षित अनाथ मुलांची दृश्यं मनासमोर आणली. थोड्याच वेळात ते गळून गेले. मग त्यांनी स्वतःच विचारलं, आता माझ्या नेहमीच्या करुणेच्या ध्यानाकडे वळू का? वळले आणि ती गळाठ्याची अवस्था ओसरली. मुलं तीच, दुःख तेच.

पुढे ओल्गा क्लिमेकी आणि सिंगर यांनी साध्या लोकांना घेऊन हेच तपासलं. ज्यांना फक्त समानुभूतीचा, म्हणजे दुसऱ्याचं दुखणं आपल्यात उमटू देण्याचा सराव दिला, त्यांची मनःस्थिती दुःखद चित्रफिती बघताना आणखी खालावली. मेंदूत स्वतःला दुखल्यावर जे भाग जागे होतात तेच जागे झाले. नंतर त्याच लोकांना करुणेचा, म्हणजे 'याचं बरं व्हावं' या भावनेचा सराव दिला, तेव्हा जिव्हाळ्याशी आणि समाधानाशी जोडलेले वेगळे भाग पुढे आले. यावरून त्यांनी सुचवलं, की या अवस्थेला समानुभूतीचा ताण म्हणावं. करुणेवर आळ घेऊ नये.

प्रयोगशाळेतली चित्रफीत आणि पहाटे चारचा मेडिसिन वॉर्ड यांत महदंतर आहे, हे मान्य. 'ध्यान करा, थकवा जाईल' असा यातून अर्थ काढणाऱ्यांची मला भीतीच वाटते. मला यातून वेगळंच दिसतं. दुःख बघून काहीतरी करायला मिळालं, कूस बदलून दिली, ओठांवर ओला कापूस फिरवला, मुलाला बाहेर नेऊन दोन वाक्यं नीट समजावली, तर त्या दुःखाला वाट मिळते. बघितलं आणि करायला वेळच नाही, पुढचा बेड बोलावतोय, तर ते आत साचतं. रोज साचत राहिलं की मन आपोआप झडप लावून घेतं. त्या झडपेला आपण पातळ माया म्हणतो.

म्हणून हा प्रश्न शेवटी आकड्यांवर येतो. २००२ मध्ये लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातली १६८ रुग्णालयं आणि १० हजारांहून अधिक नर्स यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नर्सच्या वाट्याला एक पेशंट वाढला, की तिच्या बर्नआउटची शक्यता २३ टक्क्यांनी वाढलेली दिसली, आणि त्याच रुग्णालयांत शस्त्रक्रियेच्या रुग्णांचा ३० दिवसांच्या आत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी. एकच जास्तीचा पेशंट. आपल्याकडे एका सिस्टरच्या अंगावर नाईटला अख्खा वॉर्ड असतो, तिथे हे गणित कुठे जातं ते वाचणाऱ्याने करून पाहावं.

गर्दीइतकीच आणखी एक गोष्ट माणसाला आतून खाते. अँड्र्यू जेमटन यांनी १९८४ मध्ये नर्सच्या संदर्भात तिला नाव दिलं, नैतिक घुसमट : काय करायला हवं ते माहीत आहे, पण व्यवस्था करू देत नाही. हे समजायला आशाताईंकडे बघावं.

आशा म्हणजे २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आलेल्या गावपातळीवरच्या कार्यकर्त्या. साधारण हजार लोकवस्तीमागे एक, राज्यात ७० हजारांच्या आसपास. आशाताई एखाद्या पहिलटकरणीला सात महिने समजावते : घरी बाळंत होऊ नकोस, दवाखान्यात चल. सासू तयार नसते, तिचीही समजूत घालते. कळा सुरू होतात, गाडी उशिरा येते, पोहोचल्यावर कळतं डॉक्टर नाहीत, पुढे तालुक्याला न्या. काही बरंवाईट झालं तर तालुक्याचे डॉक्टर त्या सासूला पुन्हा भेटत नाहीत. आशाताई रोज त्याच बोळातून जाते, त्याच हापशावर पाणी भरते. तिचं दुःख हे, की तिने शब्द दिला होता आणि तो पाळणं तिच्या हातात नव्हतं.

त्यात कागदोपत्री ती 'स्वयंसेविका'. कामावर आधारित मोबदला, पण कामाची वेळ ठरलेली नाही. रात्री दोनला दार वाजलं तर उठायचं. २०२२ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा गौरव केला, सगळीकडे अभिनंदनाचे फलक लागले. २०२३ च्या अखेरीस आणि २०२४ च्या सुरुवातीला महाराष्ट्रातल्या आशा मोबदल्यासाठी संपावर गेल्या आणि आझाद मैदानात बसल्या. कौतुक वाईट नाही. पण २२ मार्च २०२० च्या संध्याकाळी पाच वाजता थाळ्या वाजल्या तेव्हापासून मला 'देवदूत' या शब्दाची धास्तीच बसली आहे. देवदूताला सीएल लागत नाही, पगार थकला तरी चालतो, आणि तो कंटाळला म्हणजे देवत्वातच खोट.

आता उपायांकडे. रुग्णालयांमध्ये याचा पहिला उपाय ठरलेला असतो : ताणतणाव व्यवस्थापनाचं शिबिर. दुपारी दोन वाजता, हजेरी सक्तीची, नाईट करून आलेल्यांनीही झोप मोडून यायचं, आणि मग पडद्यावर लिहून येतं, 'पुरेशी झोप घ्या'. अशा एका शिबिरात मी बसले आहे. मागच्या ओळीत तिघी जणी उपदेश ताबडतोब अमलात आणत होत्या.

श्वसन, ध्यान, व्यायाम यांचा उपयोग होत नाही असं नाही. पण डॉक्टरांच्या बर्नआउटवरच्या अभ्यासांचा २०१७ मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा माणसाला बदलू पाहणाऱ्या उपायांपेक्षा कामाची रचना बदलणाऱ्या उपायांचा परिणाम जास्त दिसला. म्हणजे ड्युटीच्या पाळ्या, पेशंटची संख्या, कारकुनी काम, निर्णयात असलेला सहभाग. मास्लाक आणि मायकेल लायटर यांनीही हेच सांगितलं : नुसता बोजा नव्हे, तर हातात किती अधिकार, मोबदला आणि दखल, सहकाऱ्यांशी नातं, न्याय, आणि आपली मूल्यं कामात टिकतात का, हे सगळं तपासा. माझ्या पाहण्यात यातला न्याय सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित. 'दिवाळीची नाईट दरवर्षी मलाच का' या एका वाक्यात जितका बर्नआउट भरलेला असतो तितका दहा मृत्यूंतही नसेल.

निवासी डॉक्टरांचं उदाहरण बघा. केंद्राच्या १९९२ च्या योजनेत त्यांचं सलग काम साधारणतः दिवसाला १२ आणि आठवड्याला ४८ तासांपेक्षा जास्त नसावं असं लिहिलेलं आहे. २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती गटाने विद्यार्थ्यांच्या मानसिक स्वास्थ्यावर अहवाल दिला, त्यात आठवड्याला ७४ तासांची मर्यादा सुचवली. बत्तीस वर्षांनी सुचवलेली मर्यादा जुन्या नियमाहून २६ तासांनी मोठी, आणि तरीही वाचणारे बरेच रेसिडेंट म्हणाले असतील, चौऱ्याहत्तर मिळाले तरी पुष्कळ.

रचनेनंतर बोलण्याची जागा. इथे एक सावधगिरी हवी. मोठा प्रसंग घडला की लगेच सगळ्यांना एकत्र बसवून 'काय पाहिलं ते सांगा' म्हणायची पद्धत एकेकाळी फार बोकाळली होती. अशा एकाच सक्तीच्या बैठकीने पुढचा आघात टळत नाही, काहींना उलट त्रासच होतो, असं अभ्यासांत दिसल्यावर ती शिफारस मागे पडली. ज्याला बोलायचं नाही त्याला बोलतं करणं ही मदत नव्हे.

उपयोगी पडतं ते नियमित, ऐच्छिक आणि बिनतपासणीचं बोलणं. १९५० च्या दशकात लंडनमध्ये मायकेल बालिंट यांनी सामान्य डॉक्टरांचे छोटे गट सुरू केले. दर आठवड्याला कुणीतरी एक पेशंट मांडायचा, पण चर्चा औषधावर नाही, त्या पेशंटने माझं काय केलं यावर : याचा मला एवढा राग का येतो? बोस्टनमधली गोष्ट आणखी निराळी. केनेथ श्वार्ट्झ नावाच्या वकिलाला चाळिशीतच फुप्फुसाचा कर्करोग झाला. दुखण्यात त्यांना सर्वांत जास्त बळ दिलं ते कर्मचाऱ्यांच्या छोट्या छोट्या आपुलकीने, असं त्यांनी लिहून ठेवलं. १९९५ मध्ये ते गेले. त्यांच्या नावाच्या केंद्राने १९९७ मध्ये मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात 'श्वार्ट्झ राउंड' सुरू केले. डॉक्टर, नर्स, सफाई कर्मचारी, स्वागतकक्षातला माणूस, सगळे एका खोलीत, आणि विषय हाच, की या कामाने आपल्याला काय वाटतं. सर्जन सर्वांसमोर 'त्या रात्री मी घाबरलो होतो' म्हणाला, की खोलीतल्या शिकाऊ मुलीचे खांदे सैल होतात.

आपल्याकडे समुपदेशकांसाठी 'सुपरव्हिजन' असते, म्हणजे अनुभवी माणसाजवळ आपल्या केसेस आणि आपली अवस्था मोकळी करायची वेळ. शब्दाचाच घोळ आहे. संस्थाचालकांना ती देखरेख वाटते, आणि चुका सापडतील म्हणून समुपदेशक तिथे सगळं छान चाललंय असं सांगतात. अहवालाची बैठक आणि ही बैठक एकाच माणसाने, एकाच टेबलावर घेऊ नये, एवढं जरी पाळलं तरी पुष्कळ फरक पडतो.

सहकाऱ्याला सांगतानाही एक शिस्त असावी. जेवणाच्या डब्यावर बसल्या बसल्या भाजल्याच्या केसचं वर्णन सुरू करू नये. 'जड आहे, ऐकशील का?' असं आधी विचारावं, आणि समोरची 'आज नको' म्हणाली तर राग धरू नये. तपशील लागतील तेवढेच. आपलं ओझं हलकं करताना ते दुसरीच्या डोक्यावर सांडू नये.

मृत्यूनंतरचा एक मिनिटही कामी येतो. अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठाच्या रुग्णालयातल्या जोनाथन बार्टेल्स या नर्सने ही साधी प्रथा सुरू केली : पेशंट गेला की टीमने तिथेच क्षणभर शांत उभं राहायचं, गेलेल्या माणसासाठी आणि केलेल्या धडपडीसाठी. मग पुढच्या कामाला. आपल्याकडे याचं दुसरं टोक तयारच आहे. मर्तिकाहून आल्यावर आंघोळ केल्याशिवाय घरात वावरायचं नाही, ही जुनी रीत. कारणं काही का असेनात, उंबऱ्यावर थांबून 'ते तिकडचं, हे इकडचं' अशी रेघ शरीराला कळते. ड्युटीवरून आल्यावर कपडे बदलणं, आंघोळ, पंधरा मिनिटं कुणी काही न विचारणं, हे घरच्यांनी जमवून दिलं तर फुकटचं औषध आहे. आल्या आल्या 'आज जेवायला काय' हा प्रश्न मात्र त्या औषधाचा उतारा.

आणि हे सगळं करूनही दोन आठवडे झोप नाही, कशातच रस नाही, रडू आवरत नाही किंवा संपवून टाकावं असे विचार येत असतील, तर त्याला थकवा म्हणून घरी बसू नये. ते नैराश्य असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. दुसऱ्यांना हा नंबर देणारेच स्वतः तो लावायला लाजतात, म्हणून सांगते.

बहिणीने प्रश्न विचारला तेव्हा मला मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या नर्सेस आठवल्या. अरुणा शानभाग त्यांची सहकारी. १९७३ मध्ये रुग्णालयातच तिच्यावर हल्ला झाला आणि १८ मे २०१५ रोजी ती गेली, तोवर सुमारे ४२ वर्षं केईएमच्या सिस्टरांनी तिला सांभाळलं. एवढ्या काळात अंथरुणाला खिळलेल्या तिला बेडसोर झाले नाहीत, ही गोष्ट सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या निकालातही आली. ज्यांनी कधी अंथरुणाला खिळलेला माणूस सांभाळला आहे त्यांना याचा अर्थ सांगायला नको.

हे उदाहरण 'बघा, त्या थकल्या नाहीत, तुम्हीच का थकता' असं म्हणायला वापरलं तर तो अन्याय होईल. त्यांची माया का टिकली ते पाहावं. बेचाळीस वर्षं कुणा एकीने काढली नाहीत. पाळीपाळीने, एका पिढीकडून दुसरीकडे, ते काम वाटलं गेलं. करायला हात होते, आणि केल्याचा परिणाम रोज त्वचेवर दिसत होता. शिवाय त्यांचं म्हणणं चाललं : १९८० च्या दशकात तिला बाहेर हलवायचा घाट घातला गेला तेव्हा त्यांनी विरोध केला आणि महापालिकेला तो बेत सोडावा लागला. वाटलेला भार, हातून काही घडणं, आणि आपल्या शब्दाला किंमत. बाकीच्या शेकडो खाटांसाठी यातलं किती मिळत होतं, हे त्याच नर्सेसना विचारायला हवं.

बहिणीने वॉर्ड बदलून मागितला, मिळाला नाही. पण इन्चार्ज सिस्टरने एक केलं. शेवटच्या घटकेला आलेले दोन पेशंट एकाच नाईटला एकाच सिस्टरकडे द्यायचे नाहीत, आणि ज्या रात्री कुणी जाईल त्या सकाळी हँडओव्हरला नंबर न सांगता नाव सांगायचं. वरून ऑर्डर नाही, बजेट नाही. ड्युटी चार्टच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवलंय.